टेदर शूटला फाइलचं नाव आधीच ठरवून ठेवता येतं का? कालच्या पार्टीचं नाव आजच्या टॉवेलला चिकटलं

घडी_किनार (सोलापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, फजिती मोठी आहे. आधी फजिती सांगतो म्हणजे प्रश्न नीट कळेल.

मी टॉवेल-चादरीचे कॅटलॉग फोटो काढतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्यातच जातो. पॅकिंगच्या हॉलमध्ये एक कोपरा मिळतो, तिथं दोन सॉफ्टबॉक्स, पांढऱ्या कागदाचा रोल आणि एक फोल्डिंगचं टेबल मांडायचं. कॅमेरा निकॉन डी७५०, लॅपटॉप विंडोजचा, मध्ये पाच मीटरची नारिंगी केबल आणि सॉफ्टवेअर कॅप्चर वन. टेदरशिवाय, म्हणजे कॅमेरा केबलनं लॅपटॉपला जोडून फोटो थेट त्यात घेतल्याशिवाय, इथं भागत नाही, कारण मालक किंवा त्यांचा मुलगा शेजारी उभा राहून स्क्रीनवर शेड बघत असतो. टेरी टॉवेलचं तुम्हाला माहीत असेलच, लव एका बाजूला झोपली की रंग फिका आणि उलटा हात फिरवला की गडद. "अण्णा, हा आमचा मरून नाही" असं म्हटलं की मी जाऊन टॉवेलवरून पंजा फिरवून येतो आणि परत क्लिक. एका डिझाइनच्या चार फ्रेम: पूर्ण घडी, किनारीचा क्लोजअप, लवेचा क्लोजअप आणि सगळ्या शेडची थप्पी. दिवसाला चाळीस-पन्नास डिझाइन होतात.

तर मागच्या महिन्यात सोमवारी एका पार्टीचं (म्हणजे गिऱ्हाइकाचं) काम केलं आणि मंगळवारी दुसऱ्या पार्टीचं. मंगळवारी पोचायला उशीर झालेला. सोमवारचं सेशन (कॅप्चर वनमध्ये एका कामाचे सगळे फोल्डर आणि सेटिंग) उघडलं, 'सेव्ह ॲज टेम्प्लेट' केलं, त्या टेम्प्लेटवरून नवीन सेशन काढलं आणि सुटलो. पुढच्या फाइलच्या नावाचा जो रकाना असतो, त्यात सोमवारच्या पार्टीचं नाव तसंच बसलेलं. ते टेम्प्लेटमधून आलं की सॉफ्टवेअरनं आठवणीत ठेवलं होतं, देव जाणे. दिवसभर मी रंग बघतोय, तूस झाडतोय, नावाकडं कोण बघतंय! १८८ फाइली. रात्री जेपीजी काढून लिंक पाठवून झोपलो.

सकाळी सात वाजता फोन. "आमच्या टॉवेलवर त्यांचं नाव कसं काय?" दोन्ही कारखाने एकाच रस्त्यावर, जवळजवळ समोरासमोर. दोघांत नातं आहे आणि बोलणं बंद आहे. पुढचं मी सांगत नाही.

त्याच्यावर कडी म्हणजे मी घाईत विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन रॉ फाइली (कॅमेऱ्यातून येणाऱ्या मूळ फाइली) सगळ्या सिलेक्ट केल्या, एफ२ दाबलं आणि नाव बदललं. विंडोजनं कंसात एक, दोन, तीन असे आकडे टाकून दिले. कॅप्चर वन उघडतो तर केलेलं सगळं क्रॉप, सगळा रंग, सगळं गायब. १८८ फोटो कोरे! पहाटे तीनपर्यंत परत बसलो. बायको उठून बघून गेली, काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

आता विचारायचं ते हे. नवीन सेशन काढलं की फाइलचं नाव माझ्या ठरलेल्या पद्धतीनंच सुरू व्हावं, यासाठी नक्की काय कुठं साठवायचं? टेम्प्लेट कसलं करायचं? आणि डिझाइन नंबर असे असतात: ४५०/२, ४५०/११. ते नावात घेतच नाही, त्याचं काय करायचं?

युनिफॉर्मवाली (होटगी रोड)

दादा, आधी गायब झालेल्या क्रॉपचं बोलते, कारण तसं परत होऊ नये. सेशनमध्ये कॅप्चर वन तुमच्या फोटोंच्या फोल्डरमध्येच एक आपला फोल्डर करतं आणि प्रत्येक रॉ फाइलमागं, त्या फाइलच्याच नावानं, एक छोटी सेटिंगची फाइल ठेवतं. क्रॉप, एक्स्पोजर, रंग सगळं तिच्यात असतं. तुम्ही बाहेरून रॉचं नाव बदललंत, सेटिंगच्या फाइलचं नाव जुनंच राहिलं, मग दोघांची ताटातूट झाली. त्या जुन्या फाइली तिथंच पडलेल्या असणार. रॉला जुनं नाव अक्षरन् अक्षर परत दिलं असतंत तर बहुतेक सगळं परत दिसलं असतं. पुढच्या वेळी नाव बदलायचं ते कॅप्चर वनच्या आतूनच, बॅच रिनेमनं. त्यात शोधा-आणि-बदला असाही प्रकार आहे. सोमवारच्या नावाच्या जागी मंगळवारचं टाकायला दोन मिनिटं लागली असती. (मीठ चोळत नाहीये. माझंही एकदा झालंय, शाळेच्या ३०० शर्टांचं.)

आता टेम्प्लेट. तुमची चूक एकच झाली, चालू कामाच्या सेशनचं टेम्प्लेट केलंत. वापरलेल्या पातेल्यात दूध तापवल्यासारखं आहे ते. एक रिकामं सेशन काढा, त्यात एकही फोटो येऊ देऊ नका. नव्या सेशनला कॅप्चर, सिलेक्ट्स, आउटपुट, ट्रॅश असे चार फोल्डर मिळतात, ते राहू द्या. तुम्हाला लागणारे अल्बम आणि फेव्हरिट लावा. मी एक स्मार्ट अल्बम ठेवते, हिरवा टॅग लावलेले फोटो आपोआप त्यात दिसतात, मालकाने पास केलेलं तेवढं बाजूला. मग फाइल मेनूतून 'सेव्ह ॲज टेम्प्लेट'. नवीन सेशन काढताना जी खिडकी येते तिच्यात टेम्प्लेट निवडायला जागा आहे.

नावाची पद्धत मी टेम्प्लेटच्या भरवशावर सोडत नाही. 'नेक्स्ट कॅप्चर नेमिंग'मध्ये फॉरमॅटच्या शेजारी तीन टिंबं आहेत, ती दाबली की टोकनची खिडकी उघडते. टोकन म्हणजे नावाचे आपोआप भरणारे तुकडे: तारीख, काउंटर (आपोआप वाढणारा क्रमांक), सेशनचं नाव, फोल्डरचं नाव. हवे ते ओढून ओळीत बसवा आणि वर प्रीसेटमध्ये जाऊन आपल्या नावानं साठवा. नवीन सेशन काढलं की तो प्रीसेट निवडायचा, खाली सॅम्पलची ओळ दिसते ती वाचायची, एक फ्रेम टेबलाची मारायची, नाव बघायचं, फ्रेम उडवायची. अर्धा मिनिट जातो.

आणि मुख्य म्हणजे हातानं टाइप करायचा 'नेम'चा रकाना फॉरमॅटमध्ये घेऊच नका. हातानं लिहिलेलं तेच कालचं आज राहतं. मी असं ठेवते: आधी जिथं फोटो पडतोय त्या फोल्डरचं नाव, मग अधोरेषा, मग तीन आकडी काउंटर. प्रत्येक डिझाइनला कॅप्चरच्या आत एक फोल्डर काढायचा आणि त्याच्यावर राइट क्लिक करून 'सेट ॲज कॅप्चर फोल्डर'. फोल्डर बदलला की फाइलचं नाव बदललं. वेगळं काही लिहायचं नाही. काउंटर एकपासून हवा असेल तर 'नेक्स्ट कॅप्चर नेमिंग'च्याच मेनूत 'रिसेट कॅप्चर काउंटर' आहे.

४५०/२ चं म्हणाल तर विंडोजला फाइलच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत. दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा, अपूर्णविराम, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन्ही कोनी कंस आणि उभी रेघ. तुम्ही डॅश द्या. पण ४५०-२ नका लिहू, ४५०-०२ लिहा. विंडोजचा फोल्डर २ नंतर ११ नीट लावतो, पण तीच नावं गिऱ्हाइकाच्या एक्सेलमध्ये किंवा सर्व्हरवर गेली की ११ आधी येतो आणि २ मागं राहतो. मग फोन येतो, "मॅडम, फोटो मागंपुढं झालेत." इथं मी मराठीत लिहितेय ते कळावं म्हणून, फाइलला मात्र इंग्रजी अक्षरं आणि आकडेच ठेवा.

हिशोबाची_वही

एवढा खटाटोप कशाला? कॅमेऱ्यानं दिलेलं नाव राहू द्यावं, शेजारी एक्सेलमध्ये लिहावं कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत कुठलं डिझाइन. मी बारा वर्षं तेच करतो.

युनिफॉर्मवाली (होटगी रोड)

बारा वर्षं तुमचा एकच कॅमेरा असेल तर चाललं असेल. कॅमेऱ्याच्या नावात चारच आकडे असतात, ९९९९ झालं की परत ०००१. पन्नास डिझाइन गुणिले चार फ्रेम, रिटेक धरून, म्हणजे दोन महिन्यांत फेरा पूर्ण आणि जुन्या नावाची फाइल परत तयार. त्यात दोन कॅमेरे वापरले तर एकाच दिवशी एकाच नावाच्या दोन. निकॉनमध्ये तर कलर स्पेस ॲडोबी आरजीबी केली की नावातली अधोरेषा मागून पुढं जाते, मग सॉर्ट केल्यावर एकाच दिवसाचे फोटो दोन टोकांना. एक्सेल वाईट नाही हो, पण ती लिहायची कधी? संध्याकाळी. आणि संध्याकाळी आठवत नाही.

पाकीट_नंबर_३१२

मी या सॉफ्टवेअरमधलं फारसं जाणत नाही, नातू लावून देतो. पण नावाच्या गोंधळाचं आमच्याकडं उत्तर होतं, ते सांगतो.

नवी पेठेजवळ माझा स्टुडिओ होता. लग्नाला याशिकाचा डबा कॅमेरा, १२०चा रोल, रोलला बारा फोटो. पुढं पस्तीस एमएम आलं. पस्तीसच्या फिल्मच्या कडेला नंबर छापूनच येतात, १८ आणि त्याच्या पुढं १८ए. धुतलेली फिल्म सहा-सहाच्या पट्ट्या कापून बटर पेपरच्या पाकिटात घालायची. पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव कधीच लिहिलं नाही. फक्त नंबर. ३१२. नाव, गाव, तारीख, ॲडव्हान्स किती, बाकी किती, सगळं रजिस्टरमध्ये ३१२ च्या पुढं. कुणी आलं की रजिस्टर उघडा, ३१२ काढा, १८ए ची पोस्टकार्ड साइज. वीस वर्षांनी आले तरी मिळायचं.

नाव का नाही लिहायचं? एक तर एकाच आडनावाची चार लग्नं एका मुहूर्ताला. दुसरं म्हणजे पाकीट काउंटरवर पडलेलं असतं, येणारा-जाणारा बघतो. कोणाचं काम कोणाकडं चाललंय हे गावाला सांगायचं नसतं. तुमच्या दोन कारखानदारांचं दुखणं नाव चुकलं हे नाहीच, नाव होतं हे आहे. फाइलवर पार्टीचं नाव टाकताच कशाला? पार्टीला नंबर द्या.

आणखी एक. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मी फोटोचा स्टॉल लावायचो. मागं रंगवलेला पडदा, पुढं रांग. दिवसाला दोन-अडीचशे चेहरे, गावोगावचे, काही मराठी बोलणारे, काही कन्नड, काही तेलुगू. नाव विचारत बसलो तर लिहिण्यातच यात्रा संपेल. मी पत्र्याचे बिल्ले केले होते. गिऱ्हाइकाला एक बिल्ला द्यायचा आणि त्याच नंबरची पाटी फोटोत खाली कोपऱ्यात धरायची, प्रिंट करताना कापून टाकायची. दुसऱ्या दिवशी बिल्ला दाखवा, फोटो घ्या. चूक झालीच तर फोटोतच नंबर आहे. तुम्ही प्रत्येक डिझाइनची पहिली फ्रेम टॉवेलला लावलेल्या नंबरच्या टॅगची मारा. फाइलचं नाव कितीही बिघडलं तरी टॅग दिसतो.

फुकटसॉफ्ट

काकांचं ते पाटीचं भारी आहे.

ज्यांना कॅप्चर वनचं वर्गणीचं ओझं नको त्यांच्यासाठी: मी लिनक्सवर डार्कटेबल हे फुकट सॉफ्टवेअर वापरतो, टेदर होतं. त्यात प्राधान्यांमध्ये इम्पोर्टच्या पानावर सेशनचे पर्याय आहेत. मूळ फोल्डर, आतला फोल्डर आणि फाइल, तिन्हींच्या नावाचा साचा एकदाच लिहून ठेवायचा. आतल्या फोल्डरला वर्ष-महिना-दिवस आणि जॉबकोड, फाइलला तारीख आणि क्रमांक, असा साचा आधीच भरलेला मिळतो. टेदरच्या पडद्यावर जॉबकोडचा एकच रकाना भरला की झालं. विंडोजवर मात्र कॅमेऱ्याचा ड्रायव्हर बदलावा लागतो, ते नवख्यानं करू नये.

लाइटरूम क्लासिकवाल्यांनो, तुमच्याकडं 'स्टार्ट टेदर्ड कॅप्चर'च्या खिडकीत सेशनचं नाव असतं आणि 'सेगमेंट फोटोज बाय शॉट्स'वर टिक केली की प्रत्येक शॉटला वेगळा फोल्डर आणि वेगळं नाव देता येतं. डिझाइननुसार काम करणाऱ्याला तेच हवं. पण तिथंही खिडकी उघडल्यावर आधीचंच नाव दिसू शकतं, न वाचता ओके दाबायचं नाही.

घडी_किनार (सोलापूर)

ताई, काका, मनापासून आभार. रविवारी घरी बसून सगळं लावलं. घरातलेच पंचे आणि दोन चादरी घेऊन नकली शूट केलं. आई म्हणाली, "धुतलेले तरी घे."

केलं ते असं. रिकामं सेशन, नाव 'कोरे'. त्यातून टेम्प्लेट. सेशनचं नाव आता तारीख आणि पार्टीचा नंबर, म्हणजे वर्ष-महिना-दिवस सलग आणि मग के०७. के कशाचा ते विचारू नका, कारखान्याचाच आहे. फाइलच्या फॉरमॅटमध्ये सेशनचं नाव, फोल्डरचं नाव, तीन आकडी काउंटर, बस. टाइप करायचा रकाना काढून टाकला. एक फोटो असा दिसतो (इथं देवनागरीत): २०२५०३०९_के०७_४५०-०२_००३. लांब वाटतं, पण फोनवर वाचून दाखवता येतं.

काल एका कारखान्यात खरं काम केलं. तिथं आणखी एक सापडलं ते इथं टाकतो, कुणाला उपयोग होईल. त्यांच्या पॅकिंगच्या टेबलावर साधा यूएसबीचा बारकोड स्कॅनर पडलेला होता. तो लॅपटॉपला कीबोर्डसारखाच लागतो, वेगळं काही घालावं लागत नाही. फोल्डरचं नाव विचारणारा चौकोन उघडायचा, टॅगवर लाल रेघ धरायची, पिंक वाजतं, आकडे आपोआप उमटतात आणि शेवटी एंटरही तोच दाबतो. ८९० नं सुरू होणारे तेरा आकडे. मला एकही अक्षर टाइप करावं लागलं नाही, आणि गिऱ्हाइकाच्या यादीतही तोच नंबर असल्यामुळं त्यांच्या पोरानं फोटो स्वतःच जुळवून घेतले. कॅप्चर वनच्या महागड्या स्टुडिओ आवृत्तीत बारकोडची सोय आतच दिलेली आहे म्हणे, पण मला हा दुसऱ्याचा स्कॅनर पुरे. अडचण एकच: काही कारखान्यांत बारकोड साइजला असतो, डिझाइनला नसतो. ३० बाय ६० चे सगळे टॉवेल एकाच कोडखाली. तिथं परत हातानं ४५०-०२.

पहिली फ्रेम टॅगची, हे तर पहिल्याच दिवशी कामाला आलं. दुपारी हमालाची ढकलगाडी केबलवरून गेली आणि प्लग निघाला. मला कळलंच नाही. अकरा फ्रेम कॅमेऱ्याच्या कार्डावर पडल्या, निकॉनच्या नावानं. पण त्यात दोन टॅगच्या फ्रेम होत्या, त्यामुळं कुठून कुठपर्यंत कुठलं डिझाइन ते लगेच दिसलं. कार्डावरून आत घेतल्या आणि बॅच रिनेम केलं. आता केबल टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधतो.

आणि हो, काका. सकाळी सातचा फोन करणारे मालक काल रस्त्यात भेटले. परत काम देणार म्हणाले, पण विचारलं, "आमचं नाव कुठं टाकता आता?" म्हटलं, कुठंच नाही, तुम्ही के०४ आहात. थोडं थांबून म्हणाले, "आणि समोरचे?" म्हटलं, ते रजिस्टरमध्ये आहे.

पाकीट_नंबर_३१२

बरं केलंत. रजिस्टर ठेवता कुठं? लॅपटॉपच्या बॅगेत असेल तर काढा. लॅपटॉप गेला तर दोन्ही जातील. माझं देवघराखालच्या कपाटात असायचं, आणि एक नक्कल भावाकडं.

घडी_किनार (सोलापूर)

बॅगेतच आहे. काढतो.